एकतर्फी कर्णनाद आणि निद्रानाश

बाहेर कोणताही ध्वनी नसताना दोहोंपैकी एकाच कानात सतत किंवा अधूनमधून आवाज ऐकू येणे, या लक्षणास एकतर्फी कर्णनाद असे म्हणतात. वैद्यकशास्त्रात त्यासाठी टिनिटस ही संज्ञा रूढ असून ती 'किणकिणणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आली आहे. बोलभाषेत 'कान वाजणे', 'कानात शिट्टी वाजणे', 'कानात गुणगुणणे' असे शब्दप्रयोग केले जातात. हा आवाज रुग्णागणिक वेगळा असतो. कोणास रातकिड्यांची किरकिर, कोणास प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा बारीक सूर, कोणास समुद्राची गाज, तर कोणास दूरवर चालू असलेल्या यंत्राची घरघर ऐकू येते.

कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. जगभरातील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कधी ना कधी कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के प्रौढांना तो तीव्र स्वरूपाचा असतो. बहुतेकांना तो दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या मध्यभागी जाणवतो. एकाच बाजूस जाणवणाऱ्या कर्णनादाचा वेगळा विचार करावा लागतो, कारण त्यामागे त्या बाजूच्या कानाचा किंवा श्रवणतंत्रिकेचा एखादा शोधून काढण्याजोगा विकार असण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. रुग्ण मात्र डॉक्टरांकडे बहुधा दुसरीच तक्रार घेऊन येतो. आवाज दिवसा सोसता येतो, पण रात्री झोप लागू देत नाही, ही ती तक्रार होय.

आवाज कोठून येतो

आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळे असलेली एक नलिका असते. तिला कॉक्लिया म्हणतात. प्रत्येक कॉक्लियात जन्मतः सुमारे ३,५०० आतील आणि सुमारे १२,००० बाहेरील रोमपेशी असतात. ध्वनिलहरींनी या पेशींवरील सूक्ष्म रोम हलतात, त्यांतून विद्युत्संदेश निर्माण होतात आणि श्रवणतंत्रिकेमार्फत ते मेंदूकडे जातात. मानवात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

एखाद्या स्वरपट्ट्यातील रोमपेशी निकामी झाल्या की मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांचा तेवढा भाग तुटतो. त्यावर मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात, असे आजचे प्रचलित मत आहे. रेडिओवर केंद्र नीट लागत नसेल तर श्रोता आवाज वाढवतो आणि मग नुसतीच खरखर मोठी होते, तसेच काहीसे येथे घडते. चेतापेशींची स्वाभाविक हालचाल, जी एरवी जाणवत नाही, तीच मेंदूला ध्वनी म्हणून जाणवू लागते. यामुळेच कर्णनादाचा सूर पुष्कळदा त्याच पट्टीत असतो, ज्या पट्टीत श्रवण कमी झालेले असते. कान दुखावला असला तरी आवाज प्रत्यक्षात मेंदूत घडतो, हे ध्यानी घेतले म्हणजे 'कान धुऊन घेतला तरी आवाज का जात नाही' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

पूर्ण निरोगी माणसालाही पुरेशा शांततेत असे आवाज ऐकू येतात. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रवण चांगले असलेल्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसवले असता त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रात्रीच्या तक्रारीचा विचार करताना या प्रयोगाचा उपयोग होतो.

एकाच कानात आवाज येण्याची कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे कानातील घट्ट झालेला मळ. मळामुळे कानाला दडे बसतात, बाहेरचे आवाज क्षीण होतात आणि आतले उठून येतात. मध्यकर्णाचा दाह, पडद्यास पडलेले छिद्र, वारंवार वाहणारा कान ही कारणेही भारतात नित्य आढळतात. ओटोस्क्लेरोसिस या विकारात मध्यकर्णातील रिकिबीच्या आकाराचे हाड जखडते. त्याचा आरंभ एका कानापासून होऊ शकतो.

मोठ्या आवाजाचा आघात दोन्ही कानांवर सारखा होतोच असे नाही. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाजवळ असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे अशा नेमबाजांत डाव्या कानाची हानी अधिक दिसते. दिवाळीत कानाजवळ फुटलेला फटाका किंवा मिरवणुकीत एका बाजूस असलेली ध्वनिवर्धकांची भिंत यांनीही एकच कान जायबंदी होऊ शकतो.

मेनिएर विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये केले. यात गरगरून चक्कर येणे, ऐकू येणे कमीजास्त होणे, कान भरल्यासारखा वाटणे आणि खर्जातील घरघर ही लक्षणे झटक्यांनी येतात. आरंभी बहुधा एकच कान बाधित असतो. जबड्याच्या सांध्याचे दुखणे, मानेची दुखापत, डोक्यास लागलेला मार हीही एकतर्फी कर्णनादाची कारणे आहेत. जबडा आवळला किंवा मान वळवली की काहींच्या आवाजाची पट्टी बदलते. अशा रुग्णांत स्नायू व सांध्यांची तपासणी उपयोगी पडते.

श्रवणतंत्रिकेच्या आवरणावर वाढणारी व्हेस्टिब्युलर श्वानोमा ही गाठ हे रुग्णांच्या मनातील सर्वांत मोठे भय असते. ही गाठ कर्करोगाची नसते, बहुधा अतिशय हळू वाढते आणि एकतर्फी कर्णनाद असलेल्यांपैकी अगदी थोड्यांतच सापडते. तथापि एका कानाचे श्रवण कमी होत जाणे आणि त्याच कानात आवाज येणे हीच तिची नेहमीची पहिली लक्षणे असल्याने ती नाही याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते. गाठ लहान असल्यास ठराविक काळाने प्रतिमा घेऊन नुसते लक्ष ठेवणे, किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. मात्र गाठ काढल्याने कर्णनाद जाईलच याची शाश्वती नसते.

आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर 'धप्‌ धप्‌' किंवा 'सूं सूं' असा येत असेल, तर त्यास स्पंदनशील कर्णनाद म्हणतात. त्याची कारणे रक्तवाहिन्यांत किंवा कवटीतील द्रवाच्या वाढलेल्या दाबात असू शकतात. टिकटिक असा तुटक आवाज मध्यकर्णाच्या किंवा टाळूच्या स्नायूंच्या आचक्यांनी येतो. या दोन प्रकारांत आवाजाला शरीरात खराखुरा उगम असतो आणि क्वचित तो तपासणाऱ्यालाही ऐकू येतो.

तातडीने तपासणी केव्हा

काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकू येणे एकाएकी कमी झाले आणि त्याबरोबर आवाज सुरू झाला, तर ती तातडीची अवस्था समजावी. यास आकस्मिक श्रवणऱ्हास म्हणतात. पुष्कळ जण 'सर्दीने दडे बसले असतील' असे समजून आठवडे दवडतात. या विकारात स्टिरॉइड औषधांचा उपयोग व्हायचाच असेल, तर तो पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका अधिक, होण्याची शक्यता असते. दुसरी कोणतीही चूक पुढे सुधारता येते. हा गेलेला काळ मात्र परत मिळवता येत नाही.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, चेहरा बधिर होणे, तोल जाणे, तीव्र चक्कर, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, तसेच नव्याने सुरू झालेला स्पंदनशील कर्णनाद यांतही विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

निदान

कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम ऑटोस्कोपने कान पाहतात आणि ५१२ हर्ट्झच्या कंपनकाट्याने ऐकण्याचा दोष वहनाचा की तंत्रिकेचा, याचा अंदाज घेतात. त्यानंतर ध्वनिरोधक कक्षात श्रवणचाचणी होते. तिचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, प्रत्येक रुग्णाने जपून ठेवावा, कारण पुढील वर्षांतील आलेख त्याच्याशी ताडून पाहावे लागतात. पडद्यामागील दाब मोजणारी टिंपॅनोमेट्री आणि आवश्यक वाटल्यास मेंदूचा ध्वनिप्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी करतात.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार कर्णनादाच्या सरसकट सर्व रुग्णांची स्कॅन तपासणी करू नये. पण आवाज एकाच बाजूस असणे, तो स्पंदनशील असणे, दोन कानांच्या श्रवणात फरक असणे किंवा चेतासंस्थेचा अन्य दोष आढळणे, हे त्यातील अपवाद आहेत. म्हणूनच एकतर्फी कर्णनादाच्या रुग्णास डॉक्टर पुष्कळदा एमआरआय सुचवतात. बहुसंख्य रुग्णांत त्यात काही आढळत नाही. 'अहवाल निर्दोष आहे, म्हणजे डॉक्टरांना कारण सापडले नाही' असा त्याचा अर्थ काही रुग्ण लावतात. वास्तविक डोक्यात काही वाढते आहे, ही रात्री जागवणारी शंका त्या अहवालाने निकालात निघालेली असते.

कर्णनादाचा जीवनावर किती परिणाम होतो हे मोजण्यासाठी १९९६ मध्ये २५ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिचे गुण ० ते १०० असतात आणि झोपेविषयीचा प्रश्नही तीत आहे.

रात्र आणि कर्णनाद

कर्णनाद रात्री वाढतो, असे जवळजवळ प्रत्येक रुग्ण सांगतो. प्रयोगशाळेत बाहेरच्या ध्वनीशी जुळवून मोजले असता हा आवाज बहुधा रुग्णाच्या श्रवणमर्यादेहून अवघे काही डेसिबेल वर, अनेकदा दहाच्या आत, भरतो. इतका क्षीण आवाज दिवसाच्या गजबजाटात हरवतो. रात्री रहदारी थांबते, दूरदर्शन संच बंद होतो, घरातील माणसे झोपतात आणि तोच आवाज एकटा उरतो. ध्वनिरोधक खोलीतील निरोगी माणसांनाही जे ऐकू आले, ते येथे रोज रात्री घडते. महाराष्ट्रात अनेकांचा त्रास हिवाळ्यात वाढतो. यामागे थंडीपेक्षा बंद झालेला पंखा अधिक कारणीभूत असण्याचा संभव असतो. पावसाळ्यात पत्र्यावर किंवा झाडांवर पडणाऱ्या पावसाने अशाच रुग्णांना बरे वाटते.

एकतर्फी कर्णनादात आणखी एक अडचण येते. रुग्ण आवाज येणारा कान वर ठेवून चांगल्या कानावर निजला, तर चांगला कान उशीत दबतो, बाहेरचे उरलेसुरले आवाज बंद होतात आणि कर्णनाद उठून येतो. बाधित कान उशीकडे आणि चांगला कान वर ठेवल्यास खोलीतील मंद आवाज मेंदूपर्यंत पोहोचतात. जबडा किंवा मान दुखत असेल तर मात्र कोणती कूस सोयीची, हे करून पाहूनच ठरवावे लागते. एका बाजूने येणारा आवाज मेंदूला 'तिकडे काहीतरी आहे' असेही सुचवीत राहतो. त्यामुळे आरंभी अनेक जण उठून नळ, फ्रीज, शेजारचा पंप तपासून येतात.

आवाजाची मोजलेली तीव्रता आणि त्याने होणारा त्रास यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट संशोधनात वारंवार दिसून आली आहे. सारख्याच तीव्रतेच्या कर्णनादासह एक जण शांत झोपतो, तर दुसरा रात्र जागून काढतो. हॅलम, रॅकमन आणि हिंचक्लिफ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कर्णनादाचे आपोआप सरावाने विस्मरण व्हायला हवे. ते होत नाही, हाच खरा प्रश्न आहे. पावेल यास्त्रेबोफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात त्याचे उत्तर असे दिले आहे की, मेंदूने एखाद्या आवाजाला धोक्याचा इशारा मानले, तर भावना आणि सावधगिरी यांच्याशी निगडित केंद्रे जागी होतात आणि तो आवाज दुर्लक्षिला जात नाही. मुंबईत लोहमार्गालगत राहणारा मनुष्य लोकलच्या धडधडाटात निजतो, पण मूल कुशीवर वळले तरी त्याची आई जागी होते. आवाज मोठा की लहान यापेक्षा त्याला काय अर्थ चिकटला आहे, यावर जाग अवलंबून असते.

निजण्याची वेळ जवळ आली की रुग्ण आवाज आहे का, हे तपासू लागतो. तो असतोच. 'आज पुन्हा झोप लागणार नाही, उद्या काम होणार नाही' हे विचार सुरू होतात, हृदयगती वाढते, स्नायू ताणतात आणि अशा शरीराला झोप येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या थकव्याने सहनशक्ती घटते व आवाज अधिक खुपतो. मध्यरात्री जाग येणे हे तर सर्वांच्याच झोपेत असते. निरोगी मनुष्याला ते सकाळी आठवतही नाही. कर्णनादाच्या रुग्णाला त्या क्षणी आवाज भेटतो आणि 'आवाजाने मला जागे केले' अशी त्याची समजूत होते. पुष्कळदा जाग आधी येते, आवाज नंतर ध्यानात येतो.

झोप परत मिळवण्याचे मार्ग

यामुळे उपचाराचे दोन स्वतंत्र धागे होतात: एक आवाजाचा, दुसरा झोपेचा. आवाज पूर्णपणे घालवणारा उपाय बहुसंख्य रुग्णांसाठी आज उपलब्ध नाही. झोप मात्र आवाज असतानाही सुधारते, आणि झोप सुधारली की आवाजाचा जाच कमी होतो. 'याला इलाज नाही, सवय करून घ्या' असे एका वाक्यात सांगून रुग्णाला घरी पाठवणे अर्धसत्य तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे, कारण सवय कशी करावी हे त्यात सांगितलेले नसते.

खोलीतील संपूर्ण शांतता टाळणे हा पहिला उपाय. पंखा, पावसाच्या किंवा समुद्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, दोन केंद्रांमधील रेडिओची खरखर, तानपुऱ्याचा अखंड सूर, यांपैकी जे रुग्णाला कंटाळवाणे पण सुखद वाटते ते निवडावे. शब्द असलेली गाणी, बातम्या किंवा कीर्तन यांकडे लक्ष वेधले जाते, म्हणून ती झोपेसाठी गैरसोयीची ठरतात. आवाज कर्णनादाला बुडवून टाकण्याइतका मोठा नसावा. दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतील, इतपत किंवा त्याहून कमी ठेवावा, असे ध्वनिसाहाय्यित प्रशिक्षणाच्या पद्धतीत सांगितले जाते. पूर्ण बुडवलेल्या आवाजाशी मेंदूला सराव होण्याची संधी मिळत नाही, हे त्यामागील कारण होय. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ध्वनियंत्रे अन्य उपायांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि हा उपाय स्वस्त व निरुपद्रवी असल्याने करून पाहण्यास हरकत नसते.

एका खोलीत चार माणसे निजतात अशा घरांत रात्रभर ध्वनिमुद्रण लावणे सोपे नसते. अशा वेळी उशीत बसवण्याचा चपटा ध्वनिक्षेपक उपयोगी पडतो. कानात घट्ट बसणारे इअरफोन लावून झोपू नये, आणि एकमेव चांगल्या कानात तर मुळीच नाही. 'आवाज नको' म्हणून कानात बोळे घालण्याने कर्णनाद उलट वाढल्यासारखा वाटतो. गोंगाटाच्या जागी ते अवश्य वापरावेत, निजताना नव्हे.

दुसरा धागा निद्रानाशावरील बोधात्मक वर्तनोपचाराचा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी औषधांच्या आधी हाच उपचार सुचवला. त्यातील एक तत्त्व रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले होते. अंथरूण फक्त झोपेसाठी वापरावे, झोप आली तरच पडावे, सुमारे वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून मंद उजेडात बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे, असे ते थोडक्यात सांगता येईल. वीस मिनिटे घड्याळाकडे पाहून मोजायची नसतात. घड्याळ नजरेआड ठेवलेलेच बरे. वेगळी खोली नसेल तर त्याच खोलीत खुर्चीवर किंवा गॅलरीत बसणे पुरते. उठण्याची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी ठरलेली असावी. सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळणे किंवा दुपारची दीर्घ वामकुक्षी ही रात्रीच्या झोपेचीच उचल ठरते.

झोपेची मर्यादा आखणे हा त्याचा दुसरा भाग. आठ तास पडून पाच तासच झोप मिळत असेल, तर काही दिवस अंथरुणातील वेळ झोपेइतकाच करतात आणि झोप सलग होऊ लागली की तो थोडा थोडा वाढवतात. हा वेळ पाच तासांहून कमी करीत नाहीत. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते. त्यामुळे वाहनचालक, यंत्रावर काम करणारे, अपस्मार किंवा द्विध्रुवी मनोविकार असलेले रुग्ण यांनी हा प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

आवाजाविषयीच्या भयावर कर्णनादासाठी आखलेला बोधात्मक वर्तनोपचार काम करतो. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास विचारात घेतले गेले. या उपचाराने कर्णनादाचा जीवनावरील दुष्परिणाम कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. आवाजाची तीव्रता घटवणे हे या उपचाराचे उद्दिष्टच नसते. सावकाश श्वसन, स्नायू क्रमाने सैल सोडणे, शवासन किंवा योगनिद्रा यांचा शरीरातील ताण उतरवण्यास उपयोग होतो. त्यांच्यापासून आवाज थांबण्याची अपेक्षा केल्यास मात्र निराशा पदरी येते.

बाधित कानाचे श्रवण कमी असेल, तर श्रवणयंत्र वापरून पाहण्याचा सल्ला देतात. बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागल्याने दिवसा अनेकांचा कर्णनाद मागे पडतो. एक कान पूर्ण बधिर झालेल्या रुग्णांत कॉक्लिअर इम्प्लांटने कर्णनाद घटल्याचे बेल्जियममधील अँटवर्प येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. शस्त्रक्रिया व खर्च पाहता हा मार्ग निवडक रुग्णांसाठीच आहे. जिभेला मंद विद्युत्स्पर्श आणि कानात ध्वनी यांचा मेळ घालणाऱ्या लेनिर या उपकरणास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली.

या सुधारणेस दिवस नव्हे, महिने लागतात. सर्दी, जागरण, प्रवास किंवा चिंता यांनी मध्येच आवाज उफाळतो आणि काही दिवसांत पूर्वपदावर येतो. अशा उफाळण्यास 'सर्व पहिल्यापासून सुरू झाले' असे समजणे हेच पुन्हा जागरणाचे कारण ठरते.

औषधे आणि जाहिराती

कर्णनादासाठीच म्हणून सिद्ध झालेले एकही औषध नाही. बीटाहिस्टिन भारतात सर्रास लिहून दिले जाते. ते मेनिएर विकारातील चकरेसाठी वापरतात. निव्वळ कर्णनादावर त्याचा उपयोग दिसून आलेला नाही आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२० च्या सूत्रांत ते केवळ कर्णनादासाठी देऊ नये असे म्हटले आहे. गिंको, जस्त व मेलाटोनिन यांची शिफारस २०१४ ची अमेरिकी सूत्रे करीत नाहीत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता रक्ततपासणीत आढळली असेल, तर ती भरून काढावी हे वेगळे.

झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या कधी कधी दिल्या जातात. त्यांपैकी बेंझोडायाझेपिन गटातील गोळ्यांची सवय लागते आणि त्या एकाएकी बंद केल्यास निद्रानाश व कर्णनाद दोन्ही वाढू शकतात. उलट ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत, काही मूत्रल औषधे, क्विनाइन, अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविके आणि सिसप्लॅटिन यांनी कर्णनाद निर्माण होतो वा वाढतो. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध सोडू नये. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, नेमकी शांतता सर्वाधिक असते तेव्हा.

कानात कोमट तेल किंवा लसणाचे तेल सोडण्याचा घरगुती उपाय सर्वत्र केला जातो. आंतरकर्णापर्यंत ते पोहोचत नाही, आणि पडद्यास छिद्र असल्यास संसर्गाचे कारण होते. 'सात दिवसांत कर्णनादापासून मुक्ती' अशा जाहिराती निद्रानाशाने गांजलेल्यांना हमखास गाठतात. कर्णनाद अनेकांत आपोआपही मंदावतो, त्यामुळे प्रत्येक उपायाला काही साक्षीदार मिळतातच.

सततचा निद्रानाश आणि कर्णनाद यांतून खिन्नता, चिंताविकार आणि क्वचित जीव नकोसा होण्याचे विचार उद्भवतात. हा स्वभावाचा दुबळेपणा नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत तत्काळ घ्यावी. भारत शासनाची टेली-मानस ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. श्रवणविषयक तपासणी व पुनर्वसनासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था काम करते.

इतिहास आणि परंपरा

आयुर्वेदात कर्णनाद ही संज्ञा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांची वेगवेगळी नोंद आहे. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे ध्वनी, तर दुसऱ्यात वेणूसारखा बारीक नाद ऐकू येतो, असे वर्णन आयुर्वेदीय ग्रंथांत येते. खर्जातील घरघर आणि तार पट्टीतील शिट्टी हा भेद आजच्या डॉक्टरांनाही महत्त्वाचा वाटतो.

हठयोगाच्या ग्रंथांत साधकाला अंतरी ऐकू येणाऱ्या नादाची वर्णने आहेत. हठयोगप्रदीपिकेत तो उजव्या कानात ऐकावा असे सांगितले असून समुद्र, मेघ, घंटा, वेणू आणि भ्रमर यांच्या आवाजांची उपमा दिली आहे. मराठी संतसाहित्यामुळे 'अनाहत नाद' ही कल्पना सर्वपरिचित असल्याने काही जण कर्णनादालाच अनाहत समजतात. त्या समजुतीने रुग्णाचे भय जात असेल तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त तिच्यापायी एकतर्फी आवाजाची श्रवणचाचणी टळता कामा नये.

ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'प्रॉब्लेमाटा' या ग्रंथात, बाहेर आवाज केला असता कानातील गुणगुण का थांबते, असा प्रश्न विचारलेला आहे. पॅरिसमधील वैद्य झाँ मारी गास्पार इतार यांनी १८२१ च्या आपल्या कर्णरोगविषयक ग्रंथात झोपमोड झालेल्या रुग्णांसाठी शेकोटीच्या तडतडण्याचा आणि पाणचक्कीच्या घरघरीचा उपयोग सुचवला होता. ध्वनियंत्रांचा उगम तेथे सापडतो. संगीतकार बीथोव्हन यांनी १८०१ मध्ये आपल्या वैद्य मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस चालणाऱ्या कानांतील आवाजाची तक्रार आहे. चेक संगीतकार बेडरिक स्मेताना १८७४ मध्ये बधिर झाले. 'माझ्या जीवनातून' या १८७६ च्या त्यांच्या तंतुवाद्य चतुष्टकाच्या अखेरच्या भागात एक अतितार स्वर एकाएकी ताणून धरलेला ऐकू येतो. तो त्यांच्या कर्णनादाचा स्वर होय.

प्रतिबंध

एका कानात कर्णनाद असलेल्या व्यक्तीने दुसरा कान जपणे विशेष निकडीचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत प्रौढांसाठी सुरक्षित असतो. आवाज वाढेल तसा हा काळ झपाट्याने कमी होतो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या काळात मर्यादा ४५ डेसिबेल आहे. कारखान्यांतील गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंदवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य रोग आहे. ढोल-ताशा पथकांतील वादक, छापखान्यातील व यंत्रमागावरील कामगार यांनी कानाला संरक्षक बोळे किंवा कर्णाच्छादन वापरावे आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी.